विन्सेंत माइस्टरच्या मुलाचा बोल्ट

आमच्या गावात पुरुषाची किंमत त्याच्या बोल्टवरून ठरायची. वाहा नदीकाठचा कारखाना चालू होता तोवर तिथे टर्नरकी, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातायचं काम, शिकून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा स्वतःच्या हाताने एक बोल्ट आणि एक नट करायचा, आणि ती जोडी घरी स्वयंपाकघरातल्या क्रूसाखाली ठेवली जायची. सोयरिकीला आलेले पाहुणे बोलता बोलता हळूच नट फिरवून बघायचे. नट अडखळला म्हणून लग्न मोडलं असं मी म्हणणार नाही, पण चेहरे पडलेले मी पाहिले आहेत. कारखान्याला कुलूप लागून जमाना झाला, यंत्रं भंगारात गेली, तरी गुत्त्यात बिअर पिणारे म्हातारे अजून मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

अशा गावात इम्रिख ह्राबोव्स्कीने, म्हणजे आमच्या इम्रोने, जन्मभर बसस्टँडच्या खिडकीत बसून तिकिटं विकली. बरं, हा मुलगा कुणाचा? विन्सेंत माइस्टरचा! माइस्टर म्हणजे उस्ताद, आणि आमच्याकडे तो मान मागून मिळत नसे. विन्सेंतने बोल्टवर पाडलेले आटे बघायला दुसऱ्या कारखान्यांतली माणसं मुद्दाम यायची.

इम्रो पंधरा वर्षांचा असताना बापाने जेवणाच्या टेबलावर त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि निकाल देऊन टाकला. "हे हात नाहीत, हातमोजे आहेत. कचेरीत घाला याला." आई सूप वाढत होती, ती वाढतच राहिली. इम्रो बसच्या कचेरीत गेला, तिकिटांच्या खिडकीत. पुढे गुत्त्यात त्याच्या समोर कुणी ना कुणी म्हणायचंच, "इम्रो, तुझं बरं आहे बाबा. तुला तिकिटाला भोक पाडलं की झालं!" तोही हसायचा. हात नव्हतेच आपल्याला, मग कुरकुर कशाची करायची, असं म्हणून त्याने दिवस काढले. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून ब्रातिस्लाव्हाला गेली ती तिकडेच राहिली. आई तर आधीच गेली होती, घरात उरले तो आणि म्हातारा बाप.

निवृत्त झाल्यावर त्याने जे केलं त्याला गाव अजून हसतं. शेजाऱ्याच्या मुलाने इंग्लंडहून येताना व्हॅनमध्ये घालून एक छोटा, हौशी लोकांचा लेथ आणला होता, आणि नंतर त्याचा त्याला कंटाळा आला. इम्रोने तो घेतला आणि अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात मांडला. तिथे त्याची आई आलुबुखाराचा मुरंबा घोटायची. आता तिथे तेलाचा वास यायला लागला. विन्सेंत तेव्हा नव्वदीला टेकला होता आणि डोळे जवळजवळ गेले होते, पण बोटं शाबूत होती. पहिल्याच दिवशी तो काठी टेकत आला, यंत्र नखशिखांत चाचपलं, हुंकार दिला आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. उन्हाळाभर तो तिथून हलला नाही.

इम्रोला हवं होतं ते एवढंच, की म्हाताऱ्याने मरण्याआधी एकदा त्याच्या हातचा नट फिरवावा आणि 'चांगला आहे' म्हणावं.

लोखंडाची कांडी गोल करणं त्याला लवकर जमलं. घोडं अडलं ते आट्यांपाशी. बोल्टच्या अंगावरची ती वळणाची खाच एका दमात पडत नाही. कापायचं टूल त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा न्यावं लागतं, दर वेळी केसभर खोल. लेथच्या कडेने एक लांब लीड स्क्रू फिरत असतो. दांडा खाली दाबला की टूल त्याला जोडलं जातं आणि मापात सरकायला लागतं.

"शेवटाला पोचलास की दांडा उचल," बाप बाकावरून सांगायचा. "टूल मागे आण. पुन्हा दाब. काय अवघड आहे त्यात?"

पहिल्या फेरीला रेघ सुरेख उमटायची. दुसऱ्या फेरीला टूल त्या रेघेत शिरायचंच नाही, तिच्या शेजारून कापत जायचं. तिसऱ्या फेरीला सगळा चिवडा. इम्रो ती कांडी मुकाट्याने बापाच्या हातात द्यायचा. म्हातारा अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "हातमोजे." कधीकधी तेही म्हणायचा नाही, नुसता हसायचा. ते जास्त लागायचं.

इम्रोने टूल पुन्हा पुन्हा धार लावून पाहिलं. गिअर उतरवले, तक्त्याशी ताडून पुन्हा चढवले. हात थरथरतो की काय म्हणून सकाळची कॉफी सोडली. चूक आपलीच असणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. ती सवय जुनी होती. वाया गेलेल्या कांड्यांनी बादली भरली आणि तिकडे झाडावर आलुबुखार पिकले.

ते न्यायला एक दिवस दुपारी एटेलाताई आली. कारखान्यात तिने अर्धं आयुष्य आटे पाडण्यात घालवलं होतं. म्हातारा आत झोपला होता. तिची नजर बादलीवर गेली.

"काय रे इम्रो, लोखंड खाणारे उंदीर पाळलेस की काय?"

"हसा ताई. सगळं गाव हसतंय."

तिने टोपली खाली ठेवली आणि लीड स्क्रूवर नख फिरवलं. "इंग्लंडचा माल. हा स्क्रू इंचाच्या मापाचा आहे. आणि तू आटे मिलिमीटरचे पाडतोयस."

"गिअर बदललेत ना मी."

"गिअर ठीक आहेत रे. फेरी झाल्यावर दांडा उचलतोस का?"

"म्हणजे काय? उचलायचाच असतो."

"कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?" एटेलाताई ओरडलीच. "इंचाच्या स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर दांडा एकदा दाबला की काम संपेस्तोवर त्याला हात लावायचा नाही! टूल बाहेर ओढायचं, मोटर उलटी फिरवायची, यंत्रच त्याला मागे आणतं. उचललास की जागा गेली, पुन्हा सापडायची नाही. आमच्याकडे तसली दोन जुनी यंत्रं होती. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात बजावायचा तो..."

ती थांबली.

"कोण बजावायचा, ताई?"

आलुबुखारही धड न भरता टोपली उचलून ती निघून गेली.

इम्रोने नवी कांडी चढवली. दांडा दाबला तो दाबलेलाच ठेवला. मोटर पुढे, मोटर मागे, पुन्हा पुढे. टूल दर वेळी गुपचूप त्याच रेघेत शिरत होतं, जणू घरचीच वाट. नट त्याने आधीच करून ठेवला होता. तो बोल्टवर लावून बोटाने नुसती टिचकी मारली, आणि नट न डगमगता, न अडखळता गरगरत खाली उतरला. इम्रोला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. मग त्याला असा संताप आला की त्याने बादली लाथेने उडवली.

त्या आवाजाने म्हातारा जागा झाला आणि काठी टेकत बाकावर येऊन बसला. "काय पाडलंस?"

"बाबा, हा लीड स्क्रू इंचाचा आहे."

विन्सेंतने तोंड अंगणाकडे फिरवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. बोटाला कळतं."

"मग दांडा उचल, दांडा उचल म्हणून उन्हाळाभर माझा जीव का खाल्लात? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "मी तुला कचेरीत घातलं. तुला जमत नाही म्हणून घातलं. आता या वयात तुला जमलं, तर मी काय केलं होतं? मला ते कळायला नको होतं, इम्रो. त्याच समजुतीत निजू द्यायचं होतंस मला."

माफी त्याने मागितली नाही, आणि इम्रोने तिची वाटही पाहिली नाही. त्याने बोल्ट बापाच्या हातात कोंबला. "सांगा, कसा आहे."

विन्सेंतने नट फिरवला, पार शेवटापर्यंत आणि परत. नट मध्येच थांबवून हलवून पाहिला. मग नट काढून अंगठ्याचं नख आट्यांवरून सावकाश नेलं. डोळे त्याने मिटले होते, तसे उघडे असून काही दिसत नव्हतंच.

"चांगला आहे," तो म्हणाला. "एवढंच तर शिकवायला हवं होतं तुला. शिकाऊ म्हणून घेतला असता, तर पहिल्या वर्षातच तुझ्या हातात बसलं असतं हे."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो शब्द इम्रोच्या पदरात पडला. त्याचे हात ठीक होते. पहिल्यापासून ठीक होते. मग ती खिडकी, ती तिकिटं, गुत्त्यातलं ते हसं, ते सगळं कशासाठी सोसलं? हात नाहीत म्हणून सोसलं होतं. आता तेवढाही आधार म्हाताऱ्याने काढून घेतला, आणि तोही खरं बोलून.

"बाबा," तो म्हणाला, "सैल आहे म्हणा."

"काय?"

"नट सैल आहे म्हणा. एकदा म्हणा."

विन्सेंतने नट पुन्हा बोल्टवर चढवला, कानाशी नेऊन फिरवला आणि मान हलवली.

"नाही रे. सैल नाही," तो म्हणाला. "आट्यांच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही."