बॅटरीशिवाय वाजलेला सायरन

अन्वी, कबीर,

प्रशांतमामाबद्दल तुमच्या आईने तुम्हाला अर्धंच सांगितलंय, म्हणून उरलेलं लिहिते. दार आपोआप उघडलं तर आधी बिजागरी तपासणारी बाई मी... शकुन-संकेत कधी मानले नाहीत. तरीही हे घडलं.

जठारपेठेतल्या आपल्या घराच्या पोर्चमध्ये मामा सकाळपासून त्याच्या टूरिंगच्या मोटरसायकलला अलार्म सायरन बसवत होता. लांबच्या प्रवासात गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. बॅटरी काढून स्टुलावर ठेवलेली, वायरी लोंबत होत्या. तेवढ्यात अमरावतीहून ऑफिसचं बोलावणं आलं.

"आई, धा मिनिटांत बॅटरी लावतो न निघतो."

"अर्धवट काम ठेवून गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तुझा मित्र कारने चाललाय ना? त्याच्यासोबत जा."

"तुले तं आरटीओत घ्यायले पायजे होतं!" हसतच गेला.

दुपारी चारच्या सुमारास तो सायरन किंचाळायला लागला. मी स्वयंपाकघरातून धावले. वायरी ओढल्या, वर गोधडी टाकली — काही उपयोग नाही. शेजारची सुमन भिंतीवरून ओरडली, "काकू, काहून वाजून राहिला हा? लेकरू उठलं ना माहं!"

पाच-सहा मिनिटांनी तो आपणहून थांबला. तेव्हा कुठे माझं लक्ष स्टुलाकडे गेलं. बॅटरी तिथेच होती... जोडलेलीच नव्हती.

आत आले तर मोबाइलवर प्रशांतचे दोन मिस्ड कॉल. मी परत लावला. रिंग जात राहिली.

परतताना मूर्तिजापूरजवळ कार ट्रकवर आदळली होती. मित्र वाचला. तो नंतर म्हणाला, "काकू, प्रशांत शुद्धीवर होता. तुमालेच फोन लावून राहिला होता."

पुढे मेकॅनिकने माझ्यासमोर तो सायरन उघडला. "याच्यात आतून बॅटरी नसतेच, काकू. करंटशिवाय वाजनारच नाही हा." सोबतचं माहितीपत्रकही मी दोनदा वाचलं. तेही तेच सांगतं.

लोक म्हणतात, सायरनने खबर दिली. कसली खबर? फोन ओट्यावर होता, माझ्या हाताशी. मी पोर्चमध्ये धावले नसते तर पहिल्याच रिंगला उचलला असता.

तो कसा वाजला, का वाजला, मला आजही सांगता येत नाही. तुमची आई मला म्हणते, "त्याचं कण्हणं तुझ्या कानी पडू नये म्हणूनच वाजला असेल."

पण मुलांनो, मी ऐकलं असतं.

— आजी