शिजवणं बेबीबाईचं, झाकणं मालकाचं

कळमनुरीजवळच्या तांड्यावर बेबीबाईला सगळे ओळखतात ते तिच्या कुकरमुळं. स्वयंपाकघरातला नव्हे हो. हळद शिजवायचा, चार ड्रमांचा, ट्रॅक्टरला जोडून गावोगाव न्यायचा. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाई आता कुकर विकणार. तिनं विकला नाही. आठ बाया जमवल्या आणि माघापासून चैत्रापर्यंत ह्या वावरातून त्या वावरात वाफ काढत फिरू लागली, त्याला बारा वर्षं झाली.

बाईच्या हाताला यश, पण तोंडात 'नाही' नव्हतं, हीच काय ती खोड. मालक शिजवायला बोलवायचे आणि मग हळूच म्हणायचे, बेबीबाई, तेवढी हळद पसरून द्या. तेवढी उलथून द्या. तेवढी गोळा करा. बोट दिलं की हात धरायचा, दुसरं काय!

गेल्या साली शिरड शहापूरला विश्वंभर मालकाच्या वावरात हे अंगाशी आलं. शिजलेली हळद वाळत पडलेली, भर दुपारी अवकाळी आला. मालकाला वाटलं बाया झाकतील, बायांना वाटलं मालक झाकंल. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं. हळद भिजली, तिला बुरशी धरली. चिडून विश्वंभरनं कुकरचं चाक काढून घरात नेऊन ठेवलं. ऐन हंगामात तीन आठवडे कुकर त्याच्या वावरात लंगडा उभा आणि आठ बाया घरी बसून. 

यंदा तोच विश्वंभर पुन्हा बोलवायला आला, कारण जवळपास दुसरा कुकर मोकळा नव्हता. बेबीबाईनं हो म्हणण्याआधी हिंगोली गाठली. तिथं दत्तोपंत राहतात, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. लोकांना अर्ज, करारनामे लिहून देतात. पण त्यांनी पेन उचललंच नाही. आधी विचारलं, "बेबीबाई, तुमचं काम कुठं संपतं?"

"काम कुठं संपत असतंय व्हय, काका?"

"तेच तर लिहायचंय."

मग दोन तास तेच दळण. सरपण कुणाचं? मालकाचं. पाणी? तेही त्याचंच. ड्रम भरणं, शिजवणं, उपसून ओतणं? आमचं. हळद शिजली हे ठरवायचं कुणी? इथं बेबीबाई हसली.

"त्यात काय ठरवायचं? हळकुंडात काडी खुपसायची. आरपार गेली की शिजली. मालकच बघत असतोय."

दत्तोपंत खूश झाले. त्यांनी लिहिलं: मालकानं काडी खुपसून बघितली आणि माल वाळवणीवर ओतला, की बायांचं काम पुरं. पुढचं पसरणं, उलथणं, झाकणं मालकाकडं. खाली एक ओळ बेबीबाईनं हट्टानं घालायला लावली: काही झालं तरी कुकर अडकवून ठेवायचा नाही. विश्वंभरनं वाचलं, तोंड वाकडं केलं आणि सही केली.

पाच दिवसांत सगळी हळद शिजली. दर ड्रमाला मालकानं काडी खुपसून बघितली. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी मिळणार होता, म्हणून कुकर तिथंच ठेवून बाया तांड्यावर परतल्या. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ काळं झालं.

बेबीबाईला गेलं साल आठवलं. कागद होता, खरं आहे. पण काढलेलं चाक कागद थोडंच परत बसवणार? जावयाच्या मोटारसायकलवर बसून ती निघाली. वाटेतच पावसानं गाठलं. आता ह्या हंगामालाही बाया घरी बसणार, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

वावरात पोचली तर सगळ्या वाळवणीवर ताडपत्र्या, त्यांच्या कडेला दगड, आणि विश्वंभर अन् त्याची बायको चिंब. हळदीला थेंब शिवला नव्हता. कुकर दोन्ही चाकांवर जागच्या जागी होता.

"तुमी काहून आलात?" विश्वंभर म्हणाला.

"आभाळ आलं, मालक. जीव राहीना."

"सही केली तवापासून माझंच ध्यान आभाळाकडं लागून राहिलंय. मागल्या साली तुमी हायेत म्हणून मी बिनघोर झोपलो होतो." त्यानं कुकरच्या चाकाकडं बघितलं. "चाक काढलं ते चुकलंच माझं."

बेबीबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक उडालं. सवयीनं ती धरायला वाकली, तसा विश्वंभर आडवा आला.

"राहू द्या, बाई. ते तुमचं काम न्हाई."

उभ्या जन्मात तिला असं कुणी म्हणालं नव्हतं, ना सासरी, ना कुणाच्या वावरात. ती ओल्या लुगड्यानिशी बांधावर बसली आणि मालक दगड ठेवत होता, ते निवांत बघत बसली.