फोडणीला गेलेली मटकी

हातात केरसुणी नसली की सोजरबाईला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मंद्रूपची ही बाई नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि भवानी पेठेतल्या एका शाळेत बालवर्गावर लागली. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, वर्ग झाडायचा आणि शाळेमागच्या खोलीत राहायचं. पोरं सव्वीस, त्यातली निम्मी तेलुगू विणकरांची. कुणाचा माग कुठल्या बोळात खटखटतो ते तिला पाठ. अक्षर मात्र एक येत नव्हतं.

वर्गाच्या शिक्षिका यशोदाबाई अक्कलकोटच्या. वय अवघं तेवीस आणि कपाळ मोकळं. पिण्याचं पाणीसुद्धा त्या घरून तांब्यातून आणायच्या. सोजरबाईच्या माठाला त्यांनी कधी हात लावला नाही. सोजरबाईला वाईट वाटायचं, पण बोलते कशाला! बाई पोरांवर जीव टाकतात, तेवढं तिला पुरे होतं.

बाईंची नेमणूक वर्षाच्या बोलीवर. शनिवारी डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम; नाहीतर वर्ग बंद, आणि बाई परत अक्कलकोटला, दिराच्या चुलीपुढं.

सोमवारी बाईंनी पोरांकडून मटकी भिजवून घेतली, मंगळवारी फडक्यात बांधून खुंटीला टांगली. त्याच दिवशी मातीचे बैल झाले, आणि हात धुऊन धुऊन पोरांनी बाहेर भिंतीकडेला चिखल करून ठेवला. बुधवारी पुरचुंडी सोडली. मोड! पोरांनी एकच कालवा केला. एकेकाच्या तळहातावर चिमूट-चिमूट मटकी ठेवत बाई सांगू लागल्या, मोड खाली जातो, त्याचं मूळ होतं, मग वर पानं येतात. निम्मी मटकी जमिनीवर सांडली. सोजरबाईनं पुटपुटत ती झाडली आणि बाहेर भिंतीकडेला लोटून दिली. मग ती पोरांना घरी सोडायला गेली. मागे बाईंनी उरलेली मटकी साहेबांना दाखवायची म्हणून पुन्हा बांधून टांगली, ते हिला कुठून कळणार?

गुरुवारी चिंचोके मोजून झाले, शुक्रवारी गाणी झाली. आणि शुक्रवारी संध्याकाळी झाडताना सोजरबाईची नजर खुंटीवर गेली. मोड फडक्यातून बाहेर आलेले! आता तुम्हीच सांगा, एवढी मोडाची मटकी टांगून कोण ठेवतं? उद्या आंबली असती की! विसरल्या असतील बाई, असं म्हणून शनिवारी उजाडताच तिनं लसणाची फोडणी देऊन झकास उसळ केली.

सकाळची शाळा. बाई आल्या, त्यांनी खुंटीकडे पाहिलं.

"सोजरबाई, पुरचुंडी कुठंय?"

"टाकली की फोडणीला! लई गोड झालीया."

बाई रागावल्या नाहीत. चटईवर मटकन बसल्या आणि "साहेबांना तीच दाखवायची होती हो," एवढंच म्हणाल्या. सोजरबाईच्या पायाखालची जमीन सरकली. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं तिला.

तेवढ्यात साहेब आलेच. "काय शिकलात रे या आठवड्यात?"

"मटकी भिजवली! मोड आले!"

"अस्सं? दाखवा बघू."

सव्वीस बोटं सोजरबाईच्या खोलीकडे वळली. लसणाचा वास साऱ्या वर्गात भरला होता. साहेबांच्या कपाळाला आठ्या. "बालवर्ग आहे की खानावळ?"

"सायेब, चूक माजी हाय. बाईंचं काय बी न्हाय त्यात," सोजरबाई हात जोडून म्हणाली. साहेबांनी ऐकलं न ऐकलंसं करून पेन्सिल काढली.

तेवढ्यात विणकराच्या शांतम्मानं साहेबांचा कोट ओढला. "इक्कड! इक्कड!" म्हणत त्यांना ओढतच दाराबाहेर घेऊन गेली. भिंतीकडेला, हात धुण्याच्या चिखलात, मटकीची दहा-बारा रोपं दोन-दोन पानं उघडून उभी होती. सगळी पोरं धावली. कुंडलिकनं एक रोप उपटून साहेबांच्या नाकाशीच नेलं. "हा मोड, खाली गेला, मूळ झालं! ही पानं!"

"पेरली कुणी?" साहेबांनी विचारलं.

सोजरबाई हळूच म्हणाली, "म्या... झाडून टाकली हुती बुधवारी."

साहेब हसले, तेही अगदी मोकळं. तिथंच उकिडवे बसून त्यांनी पोरांना आणखी दहा प्रश्न विचारले, आणि मग शेरा लिहून निघून गेले.

सोजरबाई वाचणार काय! ती बाईंचं तोंड वाचत होती. बाईंनी ओळी दोनदा वाचल्या, तोंडाला पदर लावला, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कायम झाले हो, सोजरबाई!"

"सुटले गं बाई!" म्हणत सोजरबाईनं तिथंच बसकण मारली.

पोरं घरी गेली. बाई तांब्या घेऊन निघाल्या, थांबल्या, आणि सोजरबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"उसळ उरलीय का? सकाळपासून पोटात कण नाही."

सोजरबाई गडबडली. "बाई, माज्या हातची हाय. आन् लसूण बी हाय तिच्यात."

"असू दे," बाई म्हणाल्या, "वाढा."