मिश्री लावणारी राणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. जिला सांगायला हवं होतं ती वैनीच आता राहिली नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणूनच जमतंय बहुतेक.

आमच्या संस्थानचे महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बायको कसली — माझ्याहूनही लहान पोर. माहेर कबनूरचं. लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढं बसून मुसमुसायची. मी शाळेत जाणारी, चार बुकं वाचलेली, जिभेनं तिखट. तिला हसवायला म्हणून मी एक गोष्ट रचली.

गोष्टीतली पोरगी जमिनीखालच्या धान्याच्या पेवात पडते आणि निघते ती भलत्याच राज्यात. तिथली राणी दाताला मिश्री लावता लावता शिक्षा सुनावते. पोरीनं उत्तर दिलं तर गुन्हा, गप्प बसली तर त्याहून मोठा गुन्हा. कालचा नियम आज चालत नाही, आणि का म्हणून विचारायची सोय नाही. ती बिचारी एकटीच सगळ्यांशी झगडत राहते. राणी कोण, हे सांगायला हवं का? माझी आई रोज सकाळी मिश्रीचं बोट तोंडात असतानाच वैनीला फैलावर घ्यायची. वैनी पदर तोंडात कोंबून हसायची. तिला हसताना पाहून मला काय वाटायचं, सांगू? अभिमान. माया नव्हे — नुसता अभिमान.

पंचमी आली. आमच्याकडं पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून मुराळी येतो — भाऊ, चुलता, कुणीतरी. वैनीचा भाऊ दुसऱ्या दिवशी येणार होता. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. शेजारच्या पोरी झिम्मा खेळायला परसात जमल्या होत्या, आणि त्या आनंदाच्या भरात तिनं त्यांना गोष्ट सांगितली. राणीसुद्धा करून दाखवली — बोट फिरवून, थुंकून, हुबेहूब. पोरी खिदळल्या. दारात आई उभी होती.

"कुणी रचलीया ही गोष्ट?"

वैनी बोलली नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही — माझं नाव निघू नये म्हणून. आई माझ्याकडं वळली. शाळा बंद होईल म्हणून घाबरले, असं मी पुढं स्वतःला सांगत आले. पण खरं बोलायचं तर त्या घडीला शाळा आठवलीच नाही. नुसती भ्याले.

"वैनीनं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. आईनं त्याला गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "पावणं, पोरगी अजून रुळली न्हाई. पुढच्या पंचमीला बघू की." वैनी आत नवं लुगडं नेसून बसली होती. गाडी वळल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तेव्हा तरी मी उठून खरं सांगायला नको होतं? आई हाकेच्या अंतरावर होती. मी पाटी पुढं ओढली आणि गणित करत बसले. ते चुकलं की बरोबर आलं, काही आठवत नाही.

त्याच पावसाळ्यात कबनुरात प्लेग शिरला. वैनीची आई त्यात गेली. निरोप आला तोवर सगळं उरकलं होतं. लेकीला तोंडही बघायला मिळालं नाही.

मग एकदा धुणं धुताना वैनी माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, आता ती विचारणार. माझे हात पाण्यात थांबले. विचारलं तर काय सांगू? पुन्हा खोटं?

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमची गोष्ट मी भाईर सांगितली. माझंच चुकलं. मनात ठिवू नगा."

"असू दे," मी म्हणाले.

मी तिला माफ केलं. आणि जन्मभर ती त्याचे उपकार मानत राहिली.