डोळ्यांसमोरचा हात

सत्कार सुरू होण्याआधी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी परेरासरांच्या डोळ्यांसमोर हळूच हात हलवून पाहिला. खरंच दिसत नाही ना, याची खात्री करून घेत होते. मग माझ्याकडे बघून त्यांनी समाधानाने मान डोलावली. मला शिसारी आली.

परेरासर जन्मांध. उभा जन्म हॉटेलांत पियानोवर जॅझ आणि ब्लूज वाजवण्यात गेला. समोर लोक जेवत असायचे, काटेचमचे वाजत असायचे, आणि हा माणूस डाव्या हाताने संथ ठेका धरून उजव्या हाताने असं काही बोलायचा की घास हातातच राहायचा.

मंचावर पियानो होता. त्यावर पुष्पगुच्छ आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. चार भाषणं झाली, चारही डोळ्यांवर. बोटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी वेळेअभावी वादनच रद्द झालं आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र सरांच्या हातात दिलं गेलं. ते वाचूनही दाखवलं नाही. सर त्या गुळगुळीत काचेवरून बोटं फिरवत राहिले. त्यातलं 'अंध असूनही' मीच लिहिलं होतं, तेही मोठ्या कौतुकाने. आता किळस माझी मलाच येत होती.

निघताना अध्यक्षांनी सरांचा हात हातात घेतला. सर हसून म्हणाले, "साहेब, घड्याळाचा पट्टा सैल झालाय तुमचा. मघाशी माझ्या तोंडासमोर हात हलवलात ना, तेव्हा खुळखुळत होता."