आठ पिना आणि अर्जुना आबाचं सुंबरान

तुम्ही पैसे देऊन घेतलेली वस्तू तुमची असते, हे तुम्हाला नक्की कोणी सांगितलं? पावती दाखवू नका. ती वस्तू उघडता येते का आणि तिचा एक भाग मेला तर बाजारातला दुसरा बसतो का, तेवढं सांगा. बसत नसेल तर वस्तू तुमच्या घरात आहे, पण तिचा मालक दुसरीकडंच बसलाय.

क्रांती नाथाजी यादव हीच गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं तिला भांडकुदळ म्हणतात. उरलेली निम्मी परत येतात. कडेगावात एसटी स्टँडच्या मागं, खतांच्या दुकानाला खेटून तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दारावर रंगानं लिहिलंय, ‘आधी उघडू, मग बोलू.’ बाप फौजेच्या वर्कशॉपात हवालदार होता. गाडी मरत नसते, गाडीचा एखादा भाग मरतो, हे त्याचं वाक्य ऐकत ती वाढली. पुढं सांगलीत एका सर्व्हिस सेंटरला लागली. तिथं नियम असा की, बिघाड काहीही असो, गिऱ्हाइकाला ‘बोर्ड बदला’ म्हणायचं. एकदा एका शाळेचा शिपाई मशीन घेऊन आला. नुसती बटणाची वायर तुटली होती. क्रांतीनं ती काउंटरवरच, त्याच्या डोळ्यांदेखत सोल्डरनं डागली. साहेब म्हणाला, असलं दुकान चालवायचं असेल तर स्वतःचं काढा. तिनं आपला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि खरोखरच काढलं.

यंदा माणदेशातल्या एका वाडीत बिरोबाची जत्रा होती. जत्रेच्या आदल्या सकाळी क्रांतीच्या दारात वडापची जीप थांबली. त्यातून एक म्हातारी उतरली, पाठोपाठ म्हातारा. म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती पांढरं फडकं आणि कवेत घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. आजारी कोकरू धरावं तसं त्यानं ते धरलं होतं.

“पोरी, कंप्युटर नीट करत्यात त्या तूच व्हय?” म्हातारी म्हणाली.

“मीच. घोंगड्यात काय आहे आजी?”

“त्योच हाय. वाटंत धक्का बसू नये म्हनून गुंडाळलाय.”

क्रांती ताडकन उठली. “तिथंच ठेवा. हात लावू नका आता. लोकरीत वीज साठती, आजी. एक ठिणगी आत गेली की खेळ खलास.”

“आमच्या घोंगड्यात? आगं, ह्याच घोंगड्यात कोकरं जगली, पोरं वाढली.”

“कोकरांना पिना नसतात.”

म्हातारा हसला. खांदे हलले, आवाज मात्र आला नाही. तेव्हा कुठं क्रांतीचं लक्ष त्या फडक्याकडं गेलं. फडक्याआड गळ्याला भोक होतं आणि श्वास तिथून शीळ घालत येत होता.

म्हातारीनं, रंगुबाईनं, सगळं सांगितलं. म्हातारा तिचा मालक, अर्जुना. माणदेशाच्या कोरड्या अंगाला त्यांची वाडी आहे. मेंढरं होती, आता थोडी शेतीही आहे. दर जत्रेला बिरोबापुढं सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाची अख्खी कथा ओवीत गायची, ती पिढ्यान् पिढ्या अर्जुनाच्या घरानं. बापाच्या तोंडून ऐकून त्यानं पाठ केलेली. बाकीच्यांना तुकडे येतात, सलग कोणालाच येत नाही. गेल्या साली गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव राहील पण आवाज काढून टाकावा लागंल. मग पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं, सूरजनं, कंपनीनं मोडीत काढलेला एक संगणक वाडीत आणला आणि ऑपरेशनच्या आधी आबाला माइकपुढं बसवून सगळं सुंबरान भरून घेतलं.

“मग दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवलं नाही?” क्रांतीचा आवाज चढला.

रंगुबाईनं मालकाकडं बघितलं. “सूरज मागं लागला हुता. ह्येनीच न्हाई म्हनलं. सुंबरानाचा पैला कान देवाचा. आधी देव, मग पेनड्राइव्ह.”

तसंच झालं. आबा दवाखान्यातून परतल्यावर वाडीनं संगणक वाजतगाजत देवळात नेला, देवापुढं मांडला आणि लावला. पेटीतनं अर्जुनाचा आवाज निघाला, ढोल घुमले, माणसं रडली. आणि जिथनं देवाचं नाव निघतं त्यावर भंडारा उधळायचा नाही तर काय करायचं? मूठमूठ हळद उडाली. आतल्या पंख्यानं ती गपागपा ओढली. कथा संपली न संपली तोच आत फट् झालं, पिवळा धूर निघाला आणि पेटी थंड पडली.

“समद्यात मोठी मूठ माजीच हुती,” रंगुबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत बसली.

क्रांतीनं सूरजला फोन लावला. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता आली असती तर कामच संपलं असतं. सूरजचा आवाज पडलेला होता. “ताई, जमणार नाही. डिस्कला कुलूप आहे. नवीन सिस्टीम टाकली तेव्हा आपोआप लागलं. किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये आहे. नसेल तर लांबलचक नंबर लागतो, तो कोणीच उतरवून घेतला नाही. बोर्ड जगला तर आबाचा आवाज जगला.”

तिनं खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली वीज सोडली आणि पेटी उघडली. बाजारभर पिवळ्या ढिगांत हळद विकणाऱ्या सांगलीतही तिनं एवढी हळद संगणकात कधी बघितली नव्हती. मऊ ब्रशनं ती झाडली. बोर्डावर जळका डाग नव्हता, वासही नव्हता. मेला होता तो वीज देणारा डबा, पॉवर सप्लाय.

आता खरी मेख. साधा पॉवर सप्लाय बाजारात कुठंही मिळतो, त्याचा प्लग चोवीस पिनांचा. या कंपनीनं स्वतःचा आठ पिनांचा काढलेला. साधा डबा कंपनीच्या चपट्या पेटीत मावतही नाही, म्हणून बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये हलवायचा. पण कॅबिनेटच्या बटणाची वायर त्या बोर्डाला बसत नाही, कारण तिथंही कंपनीचाच एक ठोकळा, कुठली पिन कशाची ते कुठंच लिहिलेलं नाही. क्रांतीनं कंपनीच्या नंबरावर विचारलं. उत्तर आलं, हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. पिनांचा नकाशा मागितला, तर तो गोपनीय.

“गोपनीय,” क्रांती फोन ठेवत म्हणाली. “जणू ह्यांच्या आजीचं गाठोडं आहे आत.”

शेजारचा मोबाइलवाला मानसिंग चहा घेऊन आला. उघडा बोर्ड बघून त्याला सल्ला सुचला नसता तरच नवल. “क्रांतीताई, तो गोल सेल काढ की. जरा वेळानं परत घाल, सगळं रिसेट.” म्हणता म्हणता त्याचं बोट सेलवर गेलंसुद्धा.

तिनं मनगट पकडलं. चहा सांडला.

“सेल निघाला की बोर्ड आपल्या सगळ्या खुणा विसरतो. कुलपाला संशय आला तर ते तो नंबर मागंल. नंबर तू देणार?”

“मी आपलं सुचवलं.”

“सुचवायचं ते दारात उभं राहून सुचव, मानसिंग. हात खिशात.”

मानसिंग खरंच खिशात हात घालून दारात उभा राहिला. पण गेला नाही.

तिच्या फळीवर ऑनलाइन मागवलेली एक जोडवायर पडली होती. एका टोकाला चोवीस भोकं, दुसऱ्याला आठ. पाकिटावर त्याच कंपनीचं नाव. बोर्डाला लावून बघायची तिला घाई झाली होती. जत्रा उद्यावर, म्हातारी दर घटकेला “झालं का गं?” विचारतेय. तिनं वायर नव्या डब्याला जोडली, दुसरं टोक बोर्डाकडं नेलं, अगदी टेकवलं. आणि बापाची सवय आडवी आली. वर्कशॉपात तो परक्याच्या हातची गाठ आधी सोडून बघायचा. तिनं टोक मागं घेतलं, नवा डबा चालू केला आणि आठही भोकांत एकेक करून मीटरच्या सुया घातल्या.

कोपऱ्यातल्या भोकात मीटरचा आकडा उडाला. जिथं सगळं ठीक आहे एवढीच नाजूक खूण यायला हवी, असा तिचा अंदाज होता, तिथं सणसणीत बारा व्होल्ट.

तिनं डबा बंद केला.

“काय झालं गं?” रंगुबाईनं विचारलं.

“काही नाही. तुमच्या मालकांचा गळा मी आत्ता दुसऱ्यांदा कापणार होते.”

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. अर्जुना आबानं फडक्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या हातानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि बोट बोर्डाकडं केलं. चालू दे.

आता अंदाज चालणार नव्हता. तिनं मेलेला पॉवर सप्लाय घेतला आणि त्याचाच डबा फोडला. हळदीचा लगदा निघाला. तो पुसत गेल्यावर खाली, प्रत्येक वायरच्या मुळाशी, बारीक पांढरी अक्षरं दिसायला लागली. कारखान्यातल्या माणसांना वायरी चुकू नयेत म्हणून छापलेली. कंपनीनं बाहेर लपवलेला नकाशा स्वतःच्याच पोटात ठेवला होता. तिचा अंदाज खरा होता. कोपऱ्यातली वायर नुसत्या खुणेचीच. एक वायर तर संगणक बंद असतानाही बारा व्होल्ट मागत होती, आणि साधे डबे झोपेत पाचच देतात. राउटरच्या बॅटरीत असते तसली, वीज वाढवून देणारी एक छोटी पट्टी तिच्याकडं होती. ती मधे घातली. जोडवायर मधोमध कापली, आठही वायरी अक्षरांप्रमाणं नव्यानं डागल्या, आणि पुन्हा मोजल्या. मग रंगुबाईला आकडे मोठ्यानं वाचायला लावून तिसऱ्यांदा मोजल्या. म्हातारी चष्मा नसताना “बारा हाय. ह्येबी बारा. हितं काय बी न्हाई” करत गेली.

बटणाचं काम तिनं अर्जुना आबाला दिलं. जुन्या पेटीचं बटण त्याच्या हातात आणि त्याच्या वायरीच्या ठोकळ्यावर तिच्या सुया. “आबा, दाबा. सोडा. दाबा.” बराच वेळ काही नाही. मग त्यानं दाबलं आणि मीटर पिईं करून ओरडलं. सोडलं, गप्प. दाबलं, पिईं. म्हातारा सारखाच दाबायला लागला.

“बास करा की आता,” रंगुबाई म्हणाली. “आवाज गावला म्हनून डोकं उठवताय व्हय?”

दोन पिना सापडल्या. बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये बसला, एक स्क्रू सोडून, कारण कंपनीनं भोकही आपल्या मर्जीनं पाडलं होतं. क्रांतीनं सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि वीज दिली. मग आबाकडं बघून मान हलवली. त्यानं नव्या पेटीचं बटण दाबलं.

दिवा लागला. पडदा उजळला. आणि लगेच पेटी कर्कश टुंईं टुंईं करायला लागली. पडद्यावर एकच ओळ आली, पंखा सापडत नाही. पंखा तर समोर गरगर फिरत होता. पण तो साधा, बाजारचा. आपला पंखा दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही, अशी बोर्डाला शिकवणी होती.

क्रांतीनं घाईनं वीज तोडली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. जुना पंखा हळदीनं बसला होता. त्याची पाती धुतली, पुसली, तेलाचा थेंब दिला. पण बसवायला नव्या पेटीत त्याच्या मापाची जागा नव्हती. रंगुबाईनं कनवटीतून लोकरीची दोरी काढली, क्रांतीचे डोळे बघितले आणि परत आत घातली. मानसिंगनं दारातूनच प्लास्टिकच्या पट्ट्या पुढं केल्या. क्रांतीनं त्यांनीच पंखा बांधला; या वेळी त्याला कोणी हटकलं नाही.

पुन्हा बटण. दिवा. पंखा कुरकुरला, थांबला, मग फिरला. टुंईं नाही. कुलपानं नंबर मागितला नाही. सूरजनं पडद्यावर ठेवलेलं पिवळं चित्र आलं. क्रांतीनं फाइल उघडली.

आधी खोकला आला, लांबलचक. मग “रंगे, ती कोंबडी हाकल” एवढं बोलणं. आणि मग सुंबरान मांडलं गेलं, भरदार, मेंढरं रानात पसरावीत तसं दुकानभर पसरत.

अर्जुना आबा डोळे मिटून ओठ हलवत होता. एकही शब्द मागं पडत नव्हता.

“सूरजला म्या सांगितलं हुतं, ती खोकल्याची उबळ काढून टाक म्हनून,” रंगुबाई म्हणाली. “आता नगं. ऱ्हाऊ दे. कोंबडी बी ऱ्हाऊ दे.”

“देवानं ऐकलंय ना आबा? आता पेनड्राइव्ह?” क्रांतीनं विचारलं.

त्यानं टेबलावर टकटक केलं. तिनं एकाऐवजी दोन भरले, एक म्हातारीच्या कनवटीला, दुसरा म्हाताऱ्याच्या खिशात. निघताना रंगुबाईनं पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि पेटीकडं हात नेला. क्रांती मधे उभी राहिली. म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि तो भंडारा क्रांतीच्याच कपाळाला लावला.

पण त्याआधी, झाकण बसवताना, क्रांतीनं काळा मार्कर घेऊन आतल्या बाजूला आठ पिना काढल्या होत्या, प्रत्येकीपुढं वायरीचं नाव. खाली बटणाच्या दोन, त्याखाली ‘जुना पंखाच लावा, सेल काढू नका.’ उद्या ती नसेल, दुकान नसेल, पेटी कोणाच्या तरी हातात उघडी असेल, त्या माणसासाठी.

तुमच्याही घरात, शाळेत, सोसायटीत असली एखादी आडमुठी पेटी असेल. तिच्याबाबत जे सापडेल ते मनात ठेवू नका. मार्कर घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा.