वहिनीचं वावडं

माझी वहिनी बायजा सारसोळ्याची. माहेरी ती ओली मासळी विकायची. सुक्या मासळीशी तिची गाठ पडली ती करावेला, आमच्या घरी. साल १९५८. पहिल्याच आठवड्यात आईनं तिच्या हातात सूप दिलं. सुकवलेला जवळा पाखडला की बारीक धूळ उडते. वहिनीला त्या धुळीनं शिंकांवर शिंका यायच्या, अंगावर गांधी उठायच्या. आई तिला आमसुलाचं पाणी चोळायची, घोंगडीनं अंग घासायची आणि पुन्हा सूप पुढे करायची.

दोन वर्षांत तिची छाती घरघरायला लागली. दादा, म्हणजे माझा भाऊ धर्मा, आणि मी तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. म्हणाले, "यांना सुक्या मासळीच्या धुळीचं वावडं आहे. मासळीच्या टोपल्या घराबाहेर ठेवा, पाखडायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. धाप लागली तर या गोळ्या."

दादानं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि तिथंच घात झाला. आईला वावडं म्हणजे एकच माहीत: नावड.

"कोल्याचे पोरीला म्हावऱ्याचं वावडं?" ती कडाडली. "उद्या आमचं पन वावडं होल! सवय झाली की जाल आपोआप."

दादा मान खाली घालून जाळं विणत बसला. लाज वाटायला हवी होती त्याला. मलाही. सूप मी घेतलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं, पण वहिनीचं काम आपल्या गळ्यात कोण घेतो? वावडं मोडावं म्हणून आईनं तिचं अंथरूण टोपल्यांच्या खोलीत घातलं. गोळ्या संपल्या, त्या परत कुणी आणल्या नाहीत.

वहिनी एकदाच म्हणाली, "वन्सं, मला म्हावरा आवडतं गो. पन दम नाय पुरत."

मी हसले. ते हसू आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, जवळा पाखडता पाखडताच ती आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बावीस वर्षांची होती.

बाराव्याला पाहुणे येणार, घरात जागा हवी, म्हणून आईनंच टोपल्या हलवायला सांगितल्या. दादानं आणि मी त्या होडीच्या खोपीत नेऊन ठेवल्या. नऊच होत्या. सकाळी हात लावला, उन्हं चढायच्या आत काम उरकलंसुद्धा.